माझी काळजी आप्पांकडे होती

आप्पा गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. मी त्यांचाच फोटो कापत बसले होते आणि ती आपोआप माझ्यापर्यंत आली. सकाळची वेळ. बेळगावातल्या ऑफिसात येऊन नुकती टेकले होते, तोच आमच्या संकेश्वरच्या गल्लीतल्या मंडळाच्या संतोषचा मेसेज आला. सोबत आप्पांचा हसरा फोटो. ‘आक्का, मागचं सगळं कट करून पाठवा की. फ्लेक्सवाला बसलाय.’ असले निरोप मला नवे नव्हते. बेळगावात ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सची पदवी घेतल्यापासून गल्लीच्या लेखी मी ‘फोटो कटिंगवाली’ होते. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाच्या लेकाचा साखरपुडा, फोटो माझ्याकडे. मला वाटलं, या पोरांनी आप्पांचा वाढदिवस करायचं मनावर घेतलेलं दिसतंय. हसूही आलं. चौकात फ्लेक्स लागला की तो वाऱ्यानं सुटून कुणाच्या तरी डोक्यात पडेल या भीतीनं आप्पा वाट वाकडी करून जायचे. आता त्यांचाच फ्लेक्स लागणार म्हणजे बिचारे घराबाहेरच पडणार नाहीत! मी फोटो मन लावून कापला. कानावरचे पांढरे केस एकेक करून राखले, चेहरा जरासा उजळला, खांद्यामागचा विजेचा खांब काढून टाकला आणि पाठवताना विचारलं, ‘शुभेच्छांचा मजकूर काय? तोही टाकून देते.’ उत्तर आलं, ‘शुभेच्छा न्हवं आक्का. भावपूर्ण.’

तेवढा एकच शब्द… पुढचा शब्द लिहायची गरजच नव्हती. काही क्षणांत संतोषनं तो मेसेज पुसून टाकला, त्याची चूक त्याच्या लक्षात आली असणार. खरं तर चूक त्याचीही नव्हती. आमच्याकडे मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. ‘जरा बरं न्हाय, येऊन जा’ एवढंच कळवायचं आणि घ्यायला माणूस पाठवायचा. बाबांनी मला आणायला गाडी पाठवली होती, ती तेव्हा वाटेत होती. संतोषला वाटलं, मला कळलेलं आहे. नंतर गाडीवाला वाटभर ‘आप्पांना ॲडमिट केलंय, काळजी करू नका’ म्हणत राहिला आणि मी ‘हो का’ म्हणत राहिले. काळजी करू नका! आमच्या घरात हे वाक्य आजवर फक्त आप्पांना उद्देशून बोललं जायचं.

आप्पा माझे चुलते, बाबांचे धाकटे भाऊ. आमची दोन घरं, मधे एक भिंत आणि भिंतीला दार. आप्पा आणि काकूंना मूल नव्हतं, पण ते दार कधी बंद झाल्याचं मला आठवत नाही. निपाणीच्या एका हायस्कुलात आप्पा प्रयोगशाळा सहायक होते. सगळी नोकरी ॲसिडच्या बाटल्या आणि गॅसच्या नळ्या राखण्यात गेली. त्यामुळे ते भित्रे झाले, की मुळातच भित्रे होते म्हणून त्यांच्या हातून कधी अपघात झाला नाही, ते देव जाणे. घराबाहेर पडले की कुलूप ओढून बघायला परत यायचे. पुन्हा निघाले की गॅसचं बटण बघायला परत यायचे. ‘ह्यांनी दारातच नोकरी करायला पायजे हुती,’ असं काकू म्हणायच्या. बाबांचं सगळं उलट. त्यांचं वर्कशॉप, ऊस ओढायच्या ट्रॉल्या करायचं. लोखंड, ठिणग्या आणि मोजकं बोलणं. हातोडा मारून वाजवून बघता येत नाही ते काम बाबांच्या लेखी कामच नव्हे.

आणि मी बारावीनंतर काय निवडलं, तर ॲनिमेशन. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हंजे कार्टून?’ त्यांच्या मनात मी बी.कॉम. करून बी.एड. करावं असं होतं, आणि तेही झालं नाही तर एक स्थळ होतंच. मी रडले, भांडले, जेवले नाही, मुली करतात ते सगळं केलं. काही उपयोग होईना. एके दिवशी ओसरीवर हाच विषय चालू असताना भिंतीच्या दारातून आप्पा आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, ‘दादा, शिकू दे तिला. पोरगीची जबाबदारी माझी. काय झालं तर मला इचार.’ जो माणूस शेजारी पाण्याची बादली असल्याशिवाय आकाशकंदील लावत नाही, त्यानं हे बोलावं! बाबा त्यांच्याकडे नुसतं बघत राहिले आणि म्हणाले, ‘बघ हं शिवा. शब्द दिलाईस.’ माझा प्रवेश झाला. पण आप्पांना मात्र त्या दिवसापासून जो घोर लागला तो लागलाच. बोलून तर बसले होते, आता ते निस्तरायचं कसं?

मी बेळगावात अनगोळमध्ये खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात आप्पा लाल रंगाची बादली घेऊन हजर. बादलीत वाळू. प्रयोगशाळेत आग लागली तर असावी म्हणून ठेवतात तसली. माझा संगणक तापतो, हे मी फोनवर सहज बोलून गेले होते! ‘त्यात रेंडर का काय लावून तू भाईर जातीस. पेटलं म्हंजे?’ रेंडर म्हणजे आपण रचलेली दृश्यं संगणक एकेक करून पूर्ण रंगवून काढतो ते काम. तासन्तास चालतं आणि मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आप्पांनी हा एक शब्द पक्का धरला. घरात कुणाला ताप आला असावा तसं ते फोनवर आवाज बारीक करून विचारायचे, ‘झालं का गं रेंडर?’ झालं म्हटलं की ‘हुश्श’ ऐकू यायचं आणि लगेच, ‘आता दुसरं कवा हाय?’ माझ्या मैत्रिणी त्यांना रेंडरआप्पा म्हणायच्या. मी हसायचे खरी, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आल्याशिवाय मला लॅबकडे पाऊल टाकवायचं नाही.

एकदा ते आमच्या सरांना भेटायला आले. सर कानडी, आप्पांचं कानडी उत्तम, त्यामुळे माझ्या भविष्याविषयी त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला अर्धंच कळलं. नंतर पोरांनी त्यांना हिरव्या रंगानं रंगवलेल्या खोलीत उभं केलं. कॅमेऱ्यापुढे तो हिरवा काढून टाकून मागं हवं ते दाखवता येतं. पोरांनी पडद्यावर आप्पांच्या मागं बर्फाचा डोंगर आणला. आप्पांनी पडद्याकडे बघितलं, पायाखाली बघितलं आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. सगळे हसले, तेही हसले. पण परत जाताना बसथांब्यावर म्हणाले, ‘सुप्रिया, माणूस न्हाय तितं दाखवता येतो म्हंजे लई अवघड हाय गं. उद्या कोण काय दाखवंल…’ तेव्हा मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं होतं. आता मोबाइलवर रोज कुणाचा ना कुणाचा खोटा व्हिडिओ दिसला की आठवतं.

दुसऱ्या वर्षी सरांनी एक काम दिलं. एक पात्र कुणाची तरी वाट बघतंय. बोलायचं काही नाही, फक्त त्याच्या हालचालींतून बघणाऱ्याला त्याच्या पोटातली भीती कळली पाहिजे. असं काही करायचं तर आम्ही आधी खऱ्या माणसाचं चित्रण करतो. अंगाचा भार कधी कुठल्या पायावर जातो, मान आधी वळते की डोळे, ते बघून मग आमचं पात्र हलवतो. मला आप्पांशिवाय दुसरं कोण सुचणार? ते एका पायावर तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि गच्चीवर येऊन कपाळावर आडवा हात धरून, गावच्या जत्रेतल्या नाटकात राजा शत्रूची फौज बघतो तसे उभे राहिले. ‘आप्पा, असं कोण वाट बघतं?’ ‘मग कसं बघत्यात?’ त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. कितीदा करून बघितलं, पण कॅमेरा लावला की आमचा राजा ताठ.

पुढच्या शनिवारी माझी बस रखडली. संकेश्वरला पोचताना खिडकीतून मला स्टँडवर आप्पा दिसले. ते नेहमीच यायचे. मी नेमकी कुठल्या बसनं येतेय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी गर्दीतून उतरले आणि चहाच्या गाड्याच्या आडून मोबाइल धरला. बस आली की ते टाचा उंचावून पाटी वाचायचे. खिशातला फोन काढायचे आणि न बघताच परत ठेवायचे. एका कंडक्टरला काहीतरी विचारलं, त्यानं हात हलवला, मग तेच दुसऱ्याला विचारलं. रस्त्याच्या कडेपर्यंत जायचे, कुणीतरी हाक मारल्यासारखे झटकन मागे वळायचे. मी बघत राहिले. ही सगळी धडपड माझ्यासाठी होती आणि दर शनिवारी मी उतरायच्या आत ती संपलेली असायची. मी पुढं झाले तेव्हा एका क्षणात त्यांचा चेहरा सरळ झाला. ‘आत्ताच आलतो. कोथिंबीर घ्यायची हुती.’

घरी ते चित्रण मी त्यांना दाखवलं. बघून झालं तसं म्हणाले, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा बघताना त्यांचा एक हात गुडघ्यावर घट्ट आवळलेला होता. मग अगदी हळू म्हणाले, ‘मी एवढा भितो व्हय गं?’ ‘कामाला लई चांगलं हाय आप्पा,’ असं काहीतरी बोलले. ते म्हणाले, ‘मग वापर की. पर दादाला दाखवू नगो. त्येला वाटंल, शब्द दिऊन पस्तावलाय.’

त्यातून माझा बगळा तयार झाला. नांगरट सुरू झाली की ट्रॅक्टरच्या मागं किडे टिपायला बगळे जमतात. माझा बगळा उसाच्या फडाकडेला एकटा उभा राहून ट्रॅक्टरची वाट बघतो. टाचा उंचावतो, पंखाखाली चोच घालतो, न बघताच परत काढतो, कुणी हाक मारल्यासारखा मागे वळतो. बाहेरून आलेले परीक्षक आधी हसले आणि मग हसायचे थांबले. त्या थांबण्यावर मी पास झाले. घरी टीव्हीला जोडून दाखवला तेव्हा काकू ओरडल्याच, ‘अगं बया, ह्यो बगळा आमच्या घरातला हाय!’ आप्पा लाजून पाणी प्यायला उठले. बाबांनी शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, ‘संपलं? एवढंच?’ ‘दादा, एका सत्राचं काम हाय ते,’ आप्पा आतून म्हणाले. बाबा वर्कशॉपला गेले. आप्पांच्या चेहऱ्यावरची लाज उतरली आणि तिथं पुन्हा घोर येऊन बसला. एवढ्याशा बगळ्यावर पोरीचं पोट कसं भरणार?

भरलंही, काही काळ. पुण्यातल्या एका कंपनीत मला काम लागलं. सिनेमातल्या माणसांची कड एकेका चित्रावर कापून त्यांना मागच्या दृश्यापासून सुटं करायचं. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. मग ज्या कापण्यासाठी आम्ही खोलीभर मुलं-मुली बसायचो ते एक नवा प्रोग्रॅम आपल्या आपण करू लागला. आधी आमच्यातले काही कमी झाले, मग काही आणखी. दर सोमवारी आज कोण, असं वाटायचं. एका सोमवारी मीच. फोन मी आधी आप्पांना केला. ते म्हणाले, ‘जेवलीस का?’ आणि मग, ‘ये. मी बघतो.’

परत आल्यावर दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी ताटाकडे बघतच विचारलं, ‘शिवा, जबाबदारी घेतलतास न्हवं?’ मला वाटलं, आता आप्पा मान खाली घालणार. बाबांसमोर ते नेहमीच घालायचे. पण ते म्हणाले, ‘व्हय दादा, घेतलीया. अजून संपल्याली न्हाय.’ भाताचा घास त्यांनी कालवला, पुन्हा कालवला, पण खाल्ला नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट घाबरले. तोवर मला वाटायचं की वाया गेले तर मी एकटी जाईन. पण माझ्याबरोबर या माणसाचा शब्दही पडणार होता, आणि त्यानं आयुष्यात धाडस म्हणून तेवढी एकच गोष्ट केली होती.

मग आप्पा बाहेर पडले. मोठ्या रस्त्याला भिणारा, गर्दीला भिणारा हा माणूस बेळगावात वणवण हिंडायला लागला. जिथं स्टुडिओ अशी पाटी दिसेल तिथं आत शिरून ‘आमच्या पोरीनं ॲनिमेशन केलंय’ असं सांगायचे. निम्म्या ठिकाणी पासपोर्ट फोटो काढायची दुकानं निघाली! हिंडलग्याला लग्नाचं शूटिंग करणारा एकजण होता, त्याच्याकडे ते इतक्या वेळा जाऊन बसले की शेवटी वैतागून त्यानं मला काम दिलं. वरातीवर फुलं पाडा, आभाळ बदला, नवरीच्या मामाच्या हातातला मोबाइल काढून टाका. ते करता करता पुढची ओळख निघाली आणि बेळगावातल्या जाहिराती करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत मी लागले. सध्या तिथंच आहे, ट्रायलवर. रोज नवीन प्रोग्रॅम येतो, रोज कुणीतरी म्हणतं की आता तुमचं काय काम? मला उत्तर माहीत नाही. खरं सांगायचं तर कुणालाच माहीत नाही.

आमची शेवटची भेट काही वेगळी नव्हती. रविवारी परत निघताना आप्पा दारापर्यंत आले. ‘कायम केलं का तुला?’ ‘न्हाय आप्पा, अजून ट्रायलच.’ ते थोडा वेळ चप्पल पायानं सरळ करत राहिले. ‘बरं. मग मी बघतो,’ म्हणाले. ते काय बघणार होते? त्या स्टुडिओत त्यांची कुणाशी ओळख नव्हती, माझ्या कामातलं त्यांना रेंडरपलीकडे काही कळत नव्हतं. पण ते ‘मी बघतो’ म्हणाले की माझ्या डोक्यातली कटकट थांबायची आणि हात चालायला लागायचे. काळजी करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं, म्हणून मला चित्रं हलवता आली. हे मला आज कळतंय असं नाही. तेव्हाही कळत होतं आणि फार बरं वाटत होतं. त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी अंघोळ करून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि खुर्चीवर बसले, ते उठलेच नाहीत.

हिरण्यकेशीच्या काठी रक्षाविसर्जनाला सगळी भावकी जमली. केळीच्या पानावर त्यांच्या आवडीचं मांडलं, कांदाभजी, पोळी, दुधाचा चहासुद्धा. कावळा शिवला की गेलेल्याचा जीव कशात अडकलेला नाही असं मानायचं. शिवला नाही तर जवळच्यांनी पुढं होऊन त्याच्या काळज्या आपल्या अंगावर घ्यायच्या, तसं मोठ्यानं बोलून दाखवायचं. आज कावळा शिवायला दुपार होणार, हे सगळे धरूनच आले होते. ‘शिवाचा जीव म्हंजे काय, कुलपात असंल, गॅसात असंल,’ एक म्हातारे म्हणाले, आणि लोक डोळे पुसता पुसता हसले. मी मनात वाक्य जुळवत होते. आप्पा, मी नीट राहीन, मला कायम करतील… आणि पान ठेवून माणसं मागं सरतात न सरतात तोच एक कावळा उतरला, भजी उचलली आणि उडाला. ‘सुटला बाई,’ बायका म्हणाल्या. काकूंनी हात जोडले.

मला मात्र ते सहन झालं नाही. कावळ्यावर माझा विश्वास आहे असं मी म्हणणार नाही, नाही असंही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आप्पा? बिनघोर? मी ट्रायलवर असताना? पुढं कित्येक दिवस ऑफिसात बसले की तेच मनात यायचं. त्यांनी मला असं पटकन सोडलं तरी कसं? आता माझ्या पायाखाली काय आहे? एरवी सहज जमणारं साधं कामही मी चारचारदा तपासायला लागले होते.

गेल्या शनिवारी बस पुन्हा रखडली. संध्याकाळी संकेश्वरला उतरले तर स्टँडच्या तोंडाशी बाबा. हेल्मेट डोक्यावर, मोटारसायकल चालूच, कपाळाला आठ्या. आजवर ते मला घ्यायला कधी आले नव्हते, त्यामुळे वाट बघायची कशी हेही त्यांना माहीत नव्हतं. सगळ्या बसवाल्यांवर चिडल्यासारखे बसले होते. ‘बाबा, तुम्ही?’ ‘मग कोण येणार?’ त्यांनी गाडी बंद केली आणि गाड्यावर चहा सांगितला. तिथं मला राहवलं नाही. इतके दिवस साठलेलं बोलून टाकलं, ‘कावळा लगेच कसा काय शिवला हो बाबा? आप्पांचा जीव माझ्यात अडकला नव्हता का?’

बाबा चहाच्या ग्लासात बघत राहिले. ‘त्यो जायच्या आदल्या दिशी सांजंला कट्ट्यावर बसलतो आमी दोघं. लई दमल्यागत दिसला. म्हटलं, शिवा, पोरगीचं आता माझ्याकडं दे. लई वरसं वागवलास. तू बस निवांत.’

‘मग? आप्पा काय म्हणाले?’

‘काय म्हणतोय… माझ्याकडं बघत बसला. मग म्हणाला, जमंल का दादा तुला?’

बाबांनी ग्लास ठेवला, गाडीला किक मारली. मी मागं बसले. स्टँडच्या बाहेर पडून गाडी रस्त्याला लागते तोच त्यांनी ती कडेला घेतली आणि मागं वळून विचारलं, ‘नीट धरून बसलीस न्हवं?’